‘पिंजरा’ची शुद्ध प्रत आणि दोन श्रीधर

जुन्या पोथीचा पाठ शुद्ध करण्याची विद्या आपल्याकडे पुरातन आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ही गोष्ट सर्वश्रुतच आहे. चित्रपटाचीही प्रत शुद्ध करावी लागते, हे मात्र आपल्या ध्यानात फार उशिरा आले. व्ही. शांताराम यांचा १९७२ सालचा ‘पिंजरा’ २०१६ साली डिजिटल रूपात चित्रगृहांत पुन्हा लागला, तेव्हा कित्येकांनी ती केवळ जुन्या आठवणींची जत्रा मानली. आम्ही ही नवी प्रत अलीकडे पुन्हा पाहिली, आणि आमच्या मते तिचे महत्त्व आठवणींपुरते नाही.

रंगीत फिल्मचा शत्रू काळ होय. त्या काळच्या रंगीत प्रतींतील निळाहिरवा रंग आधी विटतो आणि तांबूस छटा तेवढी उरते. जत्रेतल्या तंबूत आम्ही पूर्वी ‘पिंजरा’ पाहिला तो असाच. नाचणारीचे लुगडे, पाटलाचा फेटा आणि मागचे आकाश सारे एकाच गेरूत बुडालेले. अशी फिल्म शुद्ध करताना तिचे एकेक चित्र यंत्राने टिपून त्यावरील धूळ, ओरखडे आणि डाग काढावे लागतात. सेकंदास २४ चित्रे, म्हणजे तासास ८६,४०० चित्रे होतात! रंगांचे दुखणे शांतारामांस नवे नव्हते. ‘सैरंध्री’ला रंग देण्यासाठी ते १९३३ च्या सुमारास जर्मनीस गेले होते, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. तो मनुष्य चाळीस वर्षांनी रंगांची अशी उधळण करतो, आणि तीही प्रेक्षकांपुढे धूसर होऊन जाते, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा.

आता कथेकडे वळू. गावाने देव मानलेले गुरुजी श्रीधरपंत तमाशाचा फड गावाबाहेर घालवितात. अपमानित झालेली चंद्रकला त्यांना मोहात पाडण्याचा पण करते, आणि पुढे दोघेही त्याच मोहात गुंततात. चेहरा ओळखू न येणाऱ्या एका प्रेतावर गुरुजींचे कपडे चढतात, गाव गुरुजी मेले असे समजून त्यांचा पुतळा उभारतो, आणि जिवंत गुरुजी फडात चाकरी करीत हिंडतात. शेवटी ‘गुरुजींच्या’ खुनाचा आरोप त्यांच्यावरच येतो. पुतळा भंगू नये म्हणून ते मुकाट्याने फाशीची शिक्षा पत्करतात. या कथेचे मूळ १९३० सालच्या ‘द ब्लू एंजेल’ या जर्मन चित्रपटात आहे. पुतळ्याचा भाग मात्र सर्वस्वी आपला आहे.

आणि येथेच आम्हांस सातारा-सांगलीची आठवण होते. आजच्या सांगली जिल्ह्याचे बरेच तालुके पूर्वी सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. ‘पिंजऱ्या’तील गुरुजी झालेले डॉ. श्रीराम लागू १९२७ साली साताऱ्यास जन्मले. संगीतकार राम कदम मिरजेचे. पण याहून जवळचे नाते वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष या गावाशी आहे. त्या गावी १८६६ साली श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी नावाचा मुलगा जन्मला. ब्राह्मण घरातील हा श्रीधर लावणीच्या नादी लागला आणि महार समाजातील पवळा या अप्रतिम कलावंतिणीबरोबर फडात उभा राहिला. कुलकर्णीपण मागे पडले, जात मागे पडली, आणि महाराष्ट्र त्यास पठ्ठे बापूराव म्हणून ओळखू लागला. त्यांच्या ‘मिठाराणी’च्या वगाने मुंबई वेडी केली. १९४५ साली पुण्यास विपन्नावस्थेत त्यांचा अंत झाला.

दोन श्रीधर, दोघेही तमाशात गेलेले! चित्रपटातला श्रीधर आपण कोण हे लपवितो आणि त्या लपविण्यास त्याग म्हणतो. रेठऱ्याच्या श्रीधराने काहीच लपविले नाही. पहिल्यास तमाशा हा पिंजरा वाटला, दुसऱ्यास बहुधा घर वाटले असावे. चित्रपटाने पहिल्याचा पक्ष घेतला, आणि आमच्यासारख्या पांढरपेशा प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या, कारण आपली पापभीरुता शाबूत ठेवून लावणी पाहावयाची सोय तीत होती. त्याच वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे स्वतः तमाशात वावरलेले. त्यांच्या ‘वैजयंता’ कादंबरीत कलावंतीण ही कोणाच्या अधःपाताचे निमित्त नसून स्वतःच्या मानासाठी झगडणारी स्त्री आहे. ज्या वर्षी ‘पिंजरा’ गाजला त्याच काळात सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू गावोगाव फड लावीत होते. त्यांच्या राहुट्यांत माणसे राहत, मुले वाढत, भाकरी थापली जाई. ‘पिंजऱ्या’तील राहुटीत मोहाखेरीज फारसे काही घडत नाही.

एवढे असूनही आम्ही हा चित्रपट टाकाऊ म्हणणार नाही. नव्या प्रतीत लागूंचा चेहरा प्रथमच नीट दिसतो. आरंभीचा करारी, ताठ मानेचा शिक्षक आणि शेवटचा खांदे पडलेला चाकर यांत वेशाहून डोळ्यांचा फरक अधिक आहे. जुन्या प्रतीत डोळेच दिसत नसत, तर फरक कोठून दिसणार? संध्याबाईंचे नृत्यही आता निराळे वाटते. त्यांच्या मागे फेर धरणाऱ्या स्त्रिया तांबूस धुक्यातून बाहेर आल्या आहेत. एकीची नजर, दुसरीचा दम लागलेला ऊर, तिसरीचे किंचित चुकलेले पाऊल आम्ही पुनःपुन्हा पाहिले. मधली काही दृश्ये तर आम्ही केवळ त्यांच्यासाठी मागे नेऊन पाहिली, कथेसाठी नव्हे.

रेठऱ्याच्या श्रीधरावरही ‘पठ्ठे बापूराव’ हा चित्रपट १९५० साली निघाला होता. त्याचीही अशीच शुद्ध प्रत कोणी करील, तर हे दोन्ही चित्रपट आम्ही एका बैठकीत पाहू. आधी ‘पिंजरा’, मग ‘पठ्ठे बापूराव’.