दातांचा मिजाज

मराठीत ‘मिजास’ म्हटले की ताठा किंवा तोरा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. पण फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अरबी अर्थ ‘मिश्रण’ असा आहे. इराणी वैद्यकात उष्ण, शीत, आर्द्र व शुष्क या चार गुणांच्या मिश्रणातून बनणारी प्रकृती म्हणजे मिजाज. माणसाला मिजाज असतो, तसाच त्याच्या प्रत्येक अवयवालाही असतो. रक्त, कफ, पिवळे पित्त म्हणजे ‘सफरा’ आणि काळे पित्त म्हणजे ‘सौदा’ हे शरीरातील चार रस. त्यांचा तोल बिघडला की रोग होतो. ग्रीक वैद्य गेलेन याचा हा वारसा इराणी हकिमांनी आपलासा करून वाढविला.

त्यांतील अग्रणी इब्न सीना सुमारे ९८० साली बुखाऱ्याजवळ जन्मला व १०३७ साली हमदान येथे वारला. त्याच्या ‘कानून’ या अरबी ग्रंथाचे पाच खंड आहेत. तिसऱ्या खंडात डोक्यापासून पायापर्यंतचे रोग क्रमाने सांगितले असून, तोंड, दात व हिरड्या यांचा विचार तेथेच येतो. इतर हाडांना संवेदना नाही, दातांना मात्र थंड-गरम कळते, असे तो मानतो. म्हणूनच ‘दात दुखतो’ एवढ्याने हकिमाचे समाधान होत नसे. थंड पाण्याने आराम पडतो काय? हिरडी लाल व सुजलेली आहे काय? थंडाव्याने बरे वाटले, तर दुखणे उष्णतेचे. त्यावर शीत उपचार. तोंड कडू झाले, तर सफरेचा संशय. श्वासाला दुर्गंधी आली, तर हिरड्या व दात पाहावयाचे आणि पोटाचीही चौकशी करावयाची.

याच ग्रंथात दातातील किड्यांवर उपायही आहे. खुरासानी ओवा व कांदा यांचे बी बकऱ्याच्या चरबीत मळून त्याची धुरी द्यावी, असे तो सांगतो. असा किडा नसतोच. १७२८ साली फ्रेंच दंतवैद्य फोशार याने आपल्या ग्रंथात या समजाविषयी शंका घेतली. १८९० साली मिलर याने तोंडातील सूक्ष्म जंतू अन्नातील साखरेपासून आम्ल करतात व त्याने दात झिजतो, हे मांडले. चार रसांचा सिद्धान्तही शास्त्रातून गेला.

मग काय उरले? इब्न सीनाचे दात राखण्याचे नियम पाहावे. चिकट गोड पदार्थ चघळू नयेत. कठीण वस्तू दातांनी फोडू नयेत. गरमावर लगेच अतिथंड घेऊ नये. वारंवार वांती करू नये. दात घासताना हिरड्या दुखवू नयेत. कारणे चुकली, तरी निरीक्षण पक्के होते. वांतीतील आम्लाने दात झिजतात, हे आजचा दंतवैद्यही सांगतो.

हे वैद्यक आपल्या दारापर्यंत आले होते. सोळाव्या शतकात अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी रुस्तुम जुर्जानी या हकिमाने ‘जखीरा-इ-निजामशाही’ हा फारसी वैद्यकग्रंथ रचला. आपणांपैकी काहीजण जुन्या विद्येला डोळे मिटून हात जोडतात, काहीजण तिला हसतात. आम्हांस दोन्ही मार्ग आळसाचे वाटतात. धुरी टाकून द्यावी, नियम ठेवावा. आणि कोणते काय, हे प्रत्येक वेळी पारखून ठरवावे. रोग्याच्या दुखऱ्या दाताबरोबर त्याच्या साऱ्या देहाची विचारपूस करणारा वैद्य मात्र आजही हवाच आहे.