मेट्नर, निकोलाय कार्लोविच

(५ जानेवारी १८८० – १३ नोव्हेंबर १९५१). रशियन संगीतरचनाकार व पियानोवादक. १४ पियानो सोनाटा, ३ पियानो कॉन्चेर्टो, ‘स्काझ्का’ (कहाणी) या नावाच्या ३८ छोट्या पियानोरचना आणि शंभरावर गीते हा त्याच्या निर्मितीचा मुख्य भाग. सिंफनी वा ऑपेरा त्याने लिहिला नाही. पियानोला स्थान नाही अशी त्याची रचना सापडत नाही. स्क्र्याबिन व राखमानिनॉव्ह यांच्यानंतरच्या रशियन पियानोसंगीतात त्याचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते, मात्र कीर्ती त्या दोघांच्या मानाने फारच थोडी लाभली. त्याचे स्वतःचे वादन आज ऐकायला मिळते याचे श्रेय बव्हंशी म्हैसूर संस्थानच्या महाराजांना जाते.

मेट्नरचा जन्म मॉस्कोत झाला. घराणे मूळचे जर्मन. घरात रशियन आणि जर्मन या दोन्ही भाषांतील साहित्याचे वाचन चाले. पियानोचे पहिले धडे त्याला आईकडून आणि नंतर मामा फ्योदर ग्योडिके यांच्याकडून मिळाले. १८९२ मध्ये तो मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत दाखल झाला. तेथे पाब्स्ट, सापेल्निकॉव्ह आणि साफोनॉव्ह यांच्याकडे त्याने पियानोचे शिक्षण घेतले व १९०० मध्ये पदवी मिळवली. त्याच वर्षी व्हिएन्नात झालेल्या रुबिनस्टाइन स्पर्धेत त्याचा सन्मानपूर्वक उल्लेख झाला. साफोनॉव्हने या शिष्यासाठी युरोपच्या दौऱ्याची योजना आखली होती. ती नाकारून मेट्नर रचनेकडे वळला. गुरुजनांपैकी तानेयेव्ह आणि घरातून थोरला भाऊ एमील यांनी त्याची पाठराखण केली. रचनाशास्त्राचे रीतसर शिक्षण त्याने जवळजवळ घेतलेच नव्हते. तरीही सोनाटाच्या आकृतिबंधावर त्याची इतकी पकड होती, की तो हा बंध जन्मतःच घेऊन आला असे तानेयेव्ह म्हणे.

एमील मेट्नर हा समीक्षक व प्रकाशक. मॉस्कोतील प्रतीकवादी कवींच्या वर्तुळात त्याचा वावर होता, ‘मुसागेत’ ही प्रकाशनसंस्था त्याने १९०९ मध्ये काढली आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये तो मनोविश्लेषक युंगच्या निकट आला. आना ब्रातेन्स्काया ही व्हायोलिनवादक एमीलची पत्नी. तिचे प्रेम मात्र निकोलायवर होते. हे तिघेही जाणून होते. अनेक वर्षे ही स्थिती सांभाळून घेतल्यावर, आईच्या निधनानंतर १९१९ मध्ये, एमीलच्या संमतीने निकोलाय व आना यांचा विवाह झाला. भावांमधला जिव्हाळा यानेही तुटला नाही. चरित्रकारांना हा प्रसंग फार मोहवतो, पण संगीताच्या दृष्टीने महत्त्व आहे ते पुढच्या तीस वर्षांतील आनाच्या कामाला. हस्तलिखितांच्या स्वच्छ प्रती करण्यापासून घरखर्चाची तोंडमिळवणी करण्यापर्यंत सारे तिने पाहिले.

मॉस्कोच्या काळातच मेट्नरची शैली पूर्णत्वास गेली होती आणि नंतर ती फारशी बदलली नाही. एका छोट्या स्वरबीजातून सारी रचना उभी करणे, एकाच वेळी दोन-तीन स्वरधारा खेळवणे आणि परस्परांना छेद देणाऱ्या लयी एकत्र बांधणे ही तिची लक्षणे. राखमानिनॉव्हची लांब, एकदम मनात बसणारी धून त्याच्याकडे क्वचित मिळते. म्हणून पहिल्या श्रवणात हे संगीत कोरडे वाटण्याचा संभव असतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी आतली वीण कळू लागते. १९११ ची ई मायनर सोनाटा (ओपस २५, क्र. २) ‘रात्रवारा’ या नावाने ओळखली जाते. तिच्या आरंभी त्यूत्चेव्हच्या कवितेचा आधार घेतला असून ती राखमानिनॉव्हला अर्पण केलेली आहे. अर्ध्या तासाहून अधिक काळ जवळजवळ अखंड वाहणारी ही सोनाटा वादकाची कठोर परीक्षा घेते. क्रांतीनंतरच्या उपासमारीच्या दिवसांत रचलेल्या ‘विस्मृत सुरावटी’ या मालिकेतील ‘सोनाटा-रेमिनिसेन्त्सा’ तुलनेने सुगम आहे आणि आज सर्वांत जास्त वाजवली जाते. गीतांसाठी त्याने गटे, पुश्किन, त्यूत्चेव्ह व फेट यांच्या कविता निवडल्या. त्यांतला पियानो गायकाची साथ करून थांबत नाही, बरोबरीने बोलतो.

१९२१ मध्ये मेट्नर दांपत्याने रशिया सोडला. बर्लिनमध्ये त्याच्या संगीताला गिऱ्हाईक नव्हते. राखमानिनॉव्हने खटपट करून १९२४-२५ चा अमेरिका दौरा जमवून दिला, त्यानंतर मेट्नर पतिपत्नी पॅरिसजवळ राहिले. पॅरिसचा कौल तेव्हा स्त्राविन्स्कीच्या बाजूने होता. १९२७ मध्ये रशियात एक यशस्वी दौरा झाला, पण परतीचे दार उघडले नाही. राखमानिनॉव्हचा चौथा कॉन्चेर्टो मेट्नरला आणि मेट्नरचा दुसरा राखमानिनॉव्हला अर्पण झालेला आहे. राखमानिनॉव्ह त्याला आपल्या काळातला सर्वश्रेष्ठ रचनाकार मानत असे. रिचर्ड श्ट्राउस, रेगर आणि त्यांच्यानंतरची सारी नवी मंडळी मेट्नरला अमान्य होती. आपली मते त्याने ‘म्यूझ आणि फॅशन’ या ग्रंथात मांडली. तो १९३५ मध्ये पॅरिसला छापला, तोही राखमानिनॉव्हच्याच प्रकाशनसंस्थेने. ग्रंथात तर्कापेक्षा त्रागा अधिक आहे, हे त्याच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागेल.

१९३५-३६ च्या सुमारास तो लंडनच्या गोल्डर्स ग्रीन भागात स्थायिक झाला. इंग्लंडमध्ये त्याला निष्ठावंत श्रोते आणि थोडे विद्यार्थी मिळाले. दुसरे महायुद्ध सुरू होताच जर्मन प्रकाशकाकडून येणारे मानधन थांबले. बाँबहल्ल्यांच्या काळात शिष्या व पियानोवादक एड्ना आइल्स हिच्या कुटुंबाने वॉरिकशरमध्ये मेट्नर पतिपत्नींना आसरा दिला. १९४२ मध्ये त्याला हृदयविकाराचा झटका आला. त्यातून सावरून त्याने तिसरा कॉन्चेर्टो पुरा केला आणि १९ फेब्रुवारी १९४४ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एड्रियन बोल्टच्या संचालनाखाली स्वतः वाजवला.

याच सुमारास म्हैसूरहून मदत आली. जयचामराजेंद्र वडियार हे १९४० मध्ये गादीवर आलेले, पाश्चात्त्य पियानोचे रीतसर शिक्षण घेतलेले संस्थानिक. पुढे कर्नाटक संगीतातील कृतींचे रचनाकार म्हणूनही ते मान्यता पावले. देवी-उपासनेच्या या कृती आणि मेट्नरच्या सोनाटा एकाच माणसाला कशा भावल्या, असा प्रश्न पडू शकतो. पण सुरुवातीच्या बीजातून विस्तार साधण्याची शिस्त दोन्हींकडे आहे, आणि राजवाड्यात लहानपणापासून दोन्ही संगीते नांदत होती. मेट्नरच्या समग्र रचना त्याच्याच हातून ध्वनिमुद्रित व्हाव्यात यासाठी महाराजांनी पैसा पुरवला. या कामासाठी मेट्नर सोसायटी स्थापन झाली. एचएमव्ही या ध्वनिमुद्रण कंपनीकडून निर्माता वॉल्टर लेग याने सूत्रे हाती घेतली. तिसऱ्या कॉन्चेर्टोच्या छापील प्रतीवर महाराजांच्या नावे कृतज्ञतेचे अर्पण आहे.

मेट्नरचे वादन त्याआधी अगदीच नोंदले गेले नव्हते असे नाही. १९२३ मध्ये वेल्टे-मिन्योन व १९२५ मध्ये ड्युओ-आर्ट या यांत्रिक पियानोंसाठी त्याने छिद्रित कागदाच्या गुंडाळ्या करून दिल्या होत्या, १९३६ मध्ये एचएमव्हीसाठी काही छोट्या रचनाही वाजवल्या. पण मोठे काम झाले ते १९४६ ते १९५० या काळात. फिलहार्मोनिया वाद्यवृंदासह तिन्ही कॉन्चेर्टो मुद्रित झाले: पहिला जॉर्ज वेल्डनच्या, दुसरा व तिसरा ईसाय डोब्रोव्हेनच्या संचालनाखाली. त्यांच्या जोडीला स्काझ्का आणि सोनाटा आल्या. ‘रशियन फेर-नृत्य’ या दोन पियानोंच्या रचनेत बेन्नो मॉइसेइविच सहवादक होता. गीते ओडा स्लोबोड्स्काया, तात्याना माकुशिना आणि १९५० मध्ये एलिझाबेथ श्वार्झकॉफ यांनी गायली. पियानोवर स्वतः मेट्नर.

तेव्हा ७८ फेऱ्यांच्या १२ इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे साडेचार मिनिटेच मावत. सलग वाहणाऱ्या संगीताचे तुकडे पाडून, दर बाजूला पुन्हा तीच गती व ताण पकडत वाजवणे हे पासष्टी ओलांडलेल्या, हृदयविकाराच्या रुग्णासाठी सोपे नव्हते. तरीही या मुद्रणांतले वादन थकलेले वाटत नाही. पेडलचा वापर जपून केला आहे, लय ताठ आहे, आतल्या स्वरधारा स्वच्छ ऐकू येतात आणि भावनेचा उमाळा कोठेही बाहेर सांडत नाही. मेट्नर म्हणजे दुय्यम राखमानिनॉव्ह, हा समज खोडून काढायला एवढा पुरावा पुरेसा आहे.

समग्र मुद्रणाचा संकल्प मात्र पुरा झाला नाही. मेट्नरची प्रकृती ढासळत गेली आणि स्वतंत्र भारतात म्हैसूरचे विलीनीकरण झाल्यावर महाराजांच्या खजिन्यालाही मर्यादा आल्या. अल्बमचे तीन खंड निघाले. ‘रात्रवारा’ सोनाटा राहून गेली, आणि ही या संग्रहातली सर्वांत मोठी उणीव होय. १९०४ च्या आसपास हाती घेतलेले पियानो पंचक त्याने १९४९ मध्ये पूर्ण केले व त्याचे मुद्रणही केले. महाराजांच्या औदार्याचा लाभ पुढे श्ट्राउसच्या संगीतालाही झाला: त्याच्या ‘चार अखेरच्या गीतां’चा लंडनमधील पहिला प्रयोग (१९५०) त्यांच्याच साहाय्याने झाला. मेट्नरला हा शेजार कितपत रुचला असेल, हा भाग वेगळा.

मेट्नरचे निधन लंडनमध्ये राहत्या घरी झाले. हेंडन दफनभूमीत एमीलच्या शेजारी त्याची कबर आहे. आना १९५८ मध्ये हस्तलिखिते घेऊन मॉस्कोला परतली आणि १९५९ ते १९६३ दरम्यान तेथे त्याच्या रचनांची १२ खंडांची आवृत्ती निघाली. सोव्हिएट वादकांना स्वरलिपी हाती आल्या. एमील गिलेल्सची ‘रेमिनिसेन्त्सा’ हे त्याचे सर्वश्रुत फळ. पश्चिमेत हॅमिश मिल्न आणि जेफ्री टोझर यांनी चिकाटीने हे संगीत लावून धरले. निकोलाय डेमिडेन्कोने हायपेरियनसाठी दुसरा व तिसरा कॉन्चेर्टो मुद्रित केला, तर मार्क-आंद्रे हॅमलिनने त्याच कंपनीसाठी सर्व १४ सोनाटा. मेट्नरची स्वतःची मुद्रणे ‘एपीआर’ व ‘टेस्टामेंट’ या कंपन्यांनी सीडीच्या रूपात पुन्हा प्रसिद्ध केली आहेत.