धुळ्याचे एक दप्तर

ग्रंथकार निवर्तला म्हणजे त्याचे छापील ग्रंथ लोकांचे होतात. परंतु त्याची टिपणे, आलेली-गेलेली पत्रे, खोडून पुन्हा लिहिलेले मसुदे आणि अर्धवट राहिलेली पाने यांचे पुढे काय होते, हा प्रश्न आपणांकडे क्वचितच विचारला जातो. घरात जागा अपुरी पडू लागली किंवा भावाभावांत वाटणी झाली, म्हणजे पहिली वासलात या कागदांची लागते. ग्रंथ कपाटात जातो आणि त्याचा मसुदा वाण्याच्या पुडीला लागतो. ग्रंथात लेखकाचा निर्णय असतो. तो निर्णय त्याने कसा केला, काय टाकले व काय राखले, याचा पुरावा मात्र दप्तरातच सापडतो. म्हणून दप्तर गेले की विचाराच्या इतिहासाचा एक भागच नाहीसा होतो.

पाश्चात्त्य देशांत या गोष्टीची जाणीव लवकर झाली. हॅरिएट मन्रो या अमेरिकन कवयित्रीने १९१२ साली शिकागो येथे 'पोएट्री' नावाचे मासिक काढले व त्याच वर्षाच्या डिसेंबरच्या अंकात रवींद्रनाथ ठाकुरांच्या कविता छापल्या. बाई १९३६ साली पेरू देशात प्रवासात असता वारल्या. त्यांचे कागद आणि मासिकाचे दप्तर शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवले आहे. तेथे कोणाही अभ्यासकास संपादकाने कवीशी केलेला पत्रव्यवहार वाचता येतो.

हे वाचून कोणी म्हणेल, की विद्यापीठांच्या देशातली ही गोष्ट. आमच्या खानदेशाशी तिचा काय संबंध? त्यांस आम्ही धुळ्याकडे बोट दाखवू.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची दप्तरे वाचविली. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यांनी प्रसिद्ध केला. पानिपतच्या प्रसंगापर्यंतची पत्रे त्यात आहेत. पुढे या मालेचे एकूण २२ खंड झाले. गावोगाव हिंडून, माळ्यावरची व पेटाऱ्यांतली रुमाले सोडवून, कोठे मालकाची मनधरणी करून तर कोठे त्याच्याशी भांडून त्यांनी हे कागद मिळविले. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीतही त्यांचा पुढाकार होता. मराठीतच लिहिण्याचा बाणा त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. असा हा पुरुष ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास वारला, तेव्हा त्याच्या स्वतःच्या दप्तराचा प्रश्न उभा राहिला.

या प्रश्नाचे उत्तर धुळेकरांनी विलंब न लावता दिले. १९२७ सालीच त्यांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापिले. ज्या गावात शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची जुनी बाडे जमविण्याचे व्रत घेतले होते, त्या गावास जुन्या कागदाची किंमत नव्याने शिकविण्याची गरज नव्हती. मंडळाने केवळ स्मारकाचा दगड बसविला नाही. कागद बाहेर काढून त्यांवर काम केले. राजवाड्यांच्या टिपणांवरून कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांनी संपादिलेला 'राजवाडे मराठी धातुकोश' १९३७ साली निघाला. त्यामागून १९४२ साली 'नामादिशब्दव्युत्पत्तिकोश' आला. पुढे मु. ब. शहा यांच्या संपादनाखाली राजवाड्यांचे समग्र साहित्य १३ खंडांत प्रसिद्ध झाले, तेही धुळ्याहूनच.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. ग्रंथकाराने जे स्वतः छापले नाही, ते त्याच्या पश्चात छापणे न्यायाचे आहे काय? राजवाड्यांच्या कित्येक व्युत्पत्ती पुढील भाषाशास्त्रज्ञांस मान्य झालेल्या नाहीत. ते जगते तर त्यांतील काही त्यांनीच खोडल्या असत्या, असे म्हणण्यास जागा आहे. परंतु यावरून कागद लपवावे असे निष्पन्न होत नाही. ते कच्चे आहेत असे स्पष्ट सांगून पुढे ठेवावे, एवढेच निष्पन्न होते. चूक कोठे झाली हे दिसल्यावाचून ती सुधारणार कशी?

याचे प्रत्यंतर राजवाड्यांच्याच चरित्रात आहे. १९०९ साली त्यांनी एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली व ती पोथी एकनाथपूर्व असल्याचे प्रतिपादिले. तिच्या भाषेचे व्याकरणही त्यांनी लिहिले. परंतु ती मूळ पोथी आज अभ्यासकांपुढे नाही. त्यामुळे तिच्या प्राचीनतेविषयी ज्यांस शंका आहे त्यांचे समाधान करण्याचे साधनच उरले नाही. ज्याने हजारो कागद वाचविले, त्याच्याच एका मोठ्या सिद्धान्ताचा आधार असा हरवावा, यापरता दप्तराच्या महत्त्वाचा दुसरा पुरावा कोणता द्यावा?

संशोधकामागे मंडळ उभे राहिले; कवींच्या वाट्यास एवढे भाग्य आले नाही. धरणगावी १८९० साली जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांस १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' ही पदवी मिळाली. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली त्यांचा अंत झाला, तेव्हा वयाची अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती आणि एकही संग्रह निघाला नव्हता. त्यांची कविता राहिली ती मासिकांच्या अंकांत आणि स्नेह्यांच्या संग्रही. इतरांनी जपले तेवढेच आपल्या हाती आले.

त्याच जिल्ह्यातील बहिणाबाई चौधरी यांची गोष्ट तर याहून विलक्षण. त्यांस अक्षरओळख नव्हती. त्यांचा स्वतःच्या हाताचा एक चिटोराही असणे शक्य नव्हते. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या ओव्या रचीत आणि त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव व आप्त पितांबर चौधरी त्या टिपून घेत. ३ डिसेंबर १९५१ रोजी बाई गेल्या. सोपानदेवांनी ते टिपण आचार्य अत्र्यांस दाखविले आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' अत्र्यांच्या प्रस्तावनेसह बाहेर पडली. जळगावच्या विद्यापीठास आज ज्यांचे नाव आहे, त्यांची कविता घरच्या वहीच्या आधाराने तगली. ती वही आवराआवरीत गेली असती, तर काय गेले हेही महाराष्ट्रास कळले नसते!

तेव्हा दप्तर जपण्यास प्रथम द्रव्य लागते, हा समज आम्हांस बरोबर वाटत नाही. शिकागोस विद्यापीठ होते, धुळ्यास चार जाणत्या नागरिकांची जूट होती, जळगावास एक मुलगा होता. द्रव्याचे काम पुढे पडते. आधी लागतो तो, हा कागद टाकण्याजोगा नव्हे, असे ओळखणारा मनुष्य. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आजोबांची रोजनिशी, आजीच्या गाण्यांची वही, एखाद्या बंद पडलेल्या मासिकाचा पत्रव्यवहार पडून असेल. तो चाळून पाहावा, कोणाचा, केव्हाचा व कोणत्या गावचा हे वर लिहून ठेवावे, आणि घरी जपणे होणार नसेल तर जवळच्या ग्रंथालयाच्या किंवा संशोधन मंडळाच्या स्वाधीन करावा. त्यातले सारेच मोलाचे निघेल असे नाही. परंतु मोल ठरविण्याचा अधिकार रद्दीवाल्याच्या तराजूस देऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे.