उंची : कशापासून आणि कोठे?

६-७ जुलै १९६२ च्या रात्री बँकॉकहून मुंबईला येणारे अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान शिरूर-दौंडच्या वायव्येस, जुन्नरजवळच्या डोंगरावर सुमारे ११०० मीटर उंचीवर आदळले. विमानातील सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. मुंबई अजून सुमारे ८५ किलोमीटर दूर होती. चौकशीत आढळले, की मुंबई जवळ आली असे समजून वैमानिकांनी उपकरणांच्या भरवशावर अंधारात वेळेआधीच विमान खाली आणले होते.

विमानातील दाबावर चालणारा उंचीमापक खरे तर हवेचा दाब मोजतो. समुद्रसपाटीजवळ दर साडेआठ मीटर चढल्यावर दाब साधारण १ मिलिबारने घटतो. त्यावरून समुद्रसपाटीपासूनची उंची कळते. पायाखालची जमीन किती दूर आहे हे कळत नाही. दौंडची जमीनच समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच आहे. किनाऱ्यावर सुरक्षित असलेली उंची सह्याद्रीत घातक ठरते, ती अशी.

पुढे १९७० च्या दशकात, रेडिओलहरींनी जमिनीचे अंतर मोजून धोक्याची सूचना देणारी यंत्रणा प्रवासी विमानांत आली. वर्गात उंचीचा आकडा आला, की विद्यार्थ्यांना दोन प्रश्न जरूर विचारावेत : ही उंची कशापासून मोजली, आणि आपण नेमके कोठे आहोत?