घाट, थंडी आणि मोडलेला मुक्काम



थंडीतला घाट आणि मोटरसायकल, असा विषय आयोजकांनी सुचवला तेव्हा आम्हाला हसू आलं. आपण वऱ्हाडी माणसं उन्हाची. आपल्याकडे थंडीची चर्चा हुरड्यापुरती आणि शेकोटीपुरती! पण नकाशा काढून पाहिला तर आपण दोन डोंगरांच्या मधे बसलो आहोत. दक्षिणेला पातूरचा घाट चढला की मालेगाव-वाशीमचं पठार. उत्तरेला अकोटच्या पुढे सातपुडा आणि मेळघाट. आपल्याच स्टेशनावरून जाणारी मीटरगेजची लाईन पुढे धूळघाटात वेटोळं घालून, स्वतःचेच रूळ ओलांडून खंडव्याकडे जात असे. तेव्हा घाट हा आपल्याही इतिहासाचा भाग आहे.

त्या इतिहासात घाटाचं नाव निघतं ते लढाईमुळे. २९ नोव्हेंबर १८०३ ला तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला इंग्रजांनी मराठ्यांचा पराभव केला आणि १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. आम्ही विद्यार्थ्यांना विचारायचो, मधल्या दिवसांत काय चाललं होतं? उत्तर असं, की तोफा घाट चढत होत्या. कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी ७ ते १२ डिसेंबर डोंगरातून वाट करत, तोफा माणसांच्या बळावर ओढत गडाच्या उत्तरेला पोचली. रस्ता नव्हता, आधी तो केला, मग त्यावरून तोफ नेली. पुस्तकात तारीख लागते ती गड पडल्याची. डिसेंबरच्या त्या रात्री ज्यांनी दोर ओढले त्यांची नावं कुठे लागत नाहीत.

लढाई सोडा. रोजच्या माणसाचा घाट कसा होता? तो मुक्कामाचा होता. परतवाडा हे सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, लाकडाच्या बाजाराचं. तिथे संध्याकाळी बैल सोडायचे, चूल पेटवायची आणि उजाडल्यावर घाटाला लागायचं. यात शहाणपण किती आणि नाइलाज किती, हा प्रश्न आहे. आमच्या मते नाइलाजच जास्त. बैलाला रात्री घाट चढवत नाही. पण त्या नाइलाजात एक शहाणपण आपोआप सांभाळलं जात होतं. जायचं की थांबायचं, हा निर्णय पायथ्याशी होत होता. पोटात भाकर असताना, शेकोटीजवळ, चार जणांच्या सल्ल्याने.

मग मोटरसायकल आली. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्डची बुलेट तयार होऊ लागली. १९६१ च्या सुमारास म्हैसूरची जावा आली, पाठोपाठ एस्कॉर्ट्सची राजदूत. दूधवाला, मास्तर, ग्रामसेवक, सगळ्यांनी राजदूतला किक मारली. १९८५ ला हिरो होंडा आली आणि थोड्या पेट्रोलमध्ये लांब जाणं परवडू लागलं. धारणी, हरिसाल, सेमाडोह ही गावं जाऊन-येऊन एका दिवसात व्हायला लागली. लोक म्हणतात मोटरसायकलने घाट जिंकला. आम्ही म्हणतो, घाट जिथल्या तिथे आहे. मोटरसायकलने फक्त मुक्काम मोडला.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. १९७८ चा जानेवारी. एका विद्यार्थ्याचे वडील वारले म्हणून आम्ही आणि आमचे एक सहकारी धारणीला भेटायला गेलो. जावा गाडी, आमचीच. निघताना दिवस मावळला होता. घरच्या आजीबाई म्हणाल्या, "काहून जाता बाप्पा राती? थांबा इथंच, सकाळी जा." आम्ही म्हणालो, उद्या परीक्षेची ड्यूटी आहे. अंगात स्वेटर, त्याच्या आत वर्तमानपत्राच्या घड्या. तेव्हाचं जॅकेट तेच!

आमची समजूत अशी, की थंडी उंचावर असते. पण रात्री गार हवा जड होऊन दरीत उतरते. सेमाडोहला सिपना नदीच्या खोऱ्यात शिरलो आणि जणू थंड पाण्यात उतरलो. शिवाय आपला वेग हाच वारा होतो. पारा ५ अंशांवर असेल आणि गाडी ताशी ५० किलोमीटरने जात असेल, तर उघड्या कातडीला ते शून्याच्या खालीच वाटतं. म्हणजे थंडी अर्धी घाटाची, अर्धी आपणच तयार केलेली.

पुढे घाट चढून घटांगला आलो. रस्त्याकडेला शेकोटी होती, दोन-तीन माणसं बसली होती. सहकारी मागून म्हणाले, "सर, पाच मिनिटं हात शेकू." आम्ही म्हणालो, "आता उतारच आहे." त्यांनी पुन्हा सांगितलं. आम्ही थांबलो नाही.

उतारावर इंजिन मंद, त्यामुळे दिवाही मंद. एका वळणावर ब्रेक दाबायला गेलो तर बोटं वळलीच नाहीत. लाकडाची झाली होती. पायाचा ब्रेक घाईत जोरात लागला, मागचं चाक खडीवर सरकलं आणि दोघंही पडलो. आम्हाला खरचटलं. त्यांचा उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण तो हात खांद्याच्या वर पुन्हा गेला नाही. निवृत्त होईपर्यंत ते फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावरच लिहीत राहिले. त्यांनी आम्हाला कधी बोल लावला नाही. शेजारच्या वर्गात आम्ही रोज तो अर्धा फळा पाहत होतो.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं. माणूस विचार करून निर्णय घेतो, असं वर्गात सांगितलं. पण शरीर गारठलं की विचार गारठतो, आणि गारठलेल्या विचाराला आपण गारठलो हे कळत नाही. ज्या मापाने मोजायचं तेच माप आखडतं. घटांगला आम्ही निर्णय घेतला असं आम्हाला वाटलं. खरं तर तो थंडीने घेतला होता.

आज अकोल्याची मुलं थेट लडाखला जातात. खारदुंग ला सुमारे १७,५०० फुटांवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा. इंजिनाला दम लागतो तसा डोक्यालाही लागतो. जावं, जरूर जावं. आम्हालाही तुमचा हेवा वाटतो. पण तुमच्यातले काही जण हौसेने नाही, तर नोकरीसाठी डिसेंबरात पहाटे पातूरचा घाट चढतात, शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, नर्सताई आहेत. त्यांची नोंदही कुठे होत नाही, दोर ओढणाऱ्यांसारखीच.

त्या सगळ्यांना एकच सांगणं. मुक्काम मोडला आहे, तो परत येणार नाही. पण पायथा अजून आहे. कुठे थांबायचं, किती वाजल्यानंतर निघायचंच नाही, हे तिथे, हात गरम असताना ठरवा. आणि मागे बसलेला माणूस म्हणाला, "हात शेकू", तर गाडी थांबवा. कारण विचारू नका.