चित्रपट परीक्षण पानाची मांडणी

चित्रपट परीक्षण पानाची मांडणी म्हणजे नियतकालिकात चित्रपटाचे परीक्षण ज्या पानावर छापले जाते, त्या पानावरील मथळा, मजकूर, श्रेयनामावलीची चौकट, छायाचित्रे, चित्रओळी आणि मोकळी जागा यांची योजना होय. वाचकाला चित्रपटाची माहिती व समीक्षकाचे मत या दोन्ही गोष्टी मिळाव्यात आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत, हा या मांडणीचा मुख्य हेतू असतो. भारतातील चित्रपट-पत्रकारितेवर ठसा उमटवणारे ‘फिल्मइंडिया’ या इंग्रजी मासिकाचे संपादक बाबूराव पटेल यांचा जन्म पालघरजवळील मासवण या गावी झाला. वसई-विरारचा परिसरही आज याच पालघर जिल्ह्यात येतो.

पानाचे घटक

परीक्षणाच्या पानावर सर्वसाधारणपणे पुढील घटक आढळतात.

* सदराचे नाव : प्रत्येक अंकात एकाच जागी व एकाच अक्षरवळणात येते. त्यामुळे वाचकाला पान शोधावे लागत नाही.
* मथळा : चित्रपटाचे नाव किंवा समीक्षकाच्या मताचे सार सांगणारी ओळ. मथळ्यात मत असल्यास चित्रपटाचे नाव उपमथळ्यात द्यावे लागते.
* श्रेयनामावलीची चौकट : निर्मिती, दिग्दर्शन, कथा, पटकथा, संवाद, संगीत, छायालेखन, संकलन, कलावंत, भाषा, कालावधी आणि केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाच्या प्रमाणपत्राचा प्रकार यांची नोंद.
* मुख्य मजकूर : कथासूत्र व समीक्षा.
* छायाचित्र व चित्रओळ : चित्रओळीत प्रसंगातील कलावंतांची नावे डावीकडून उजवीकडे दिली जातात.
* समीक्षकाचे नाव : मत कोणाचे आहे, हे सांगणारा घटक.

श्रेयनामावली चौकटीत घातल्याने मजकुराचा भार हलका होतो. ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटाचे उदाहरण घेतल्यास प्रभात फिल्म कंपनी ही निर्मितीसंस्था, दामले-फत्तेलाल हे दिग्दर्शक आणि विष्णुपंत पागनीस हे प्रमुख अभिनेते एवढी माहिती चौकटीतून कळते. समीक्षकाला पहिल्याच परिच्छेदात नावांची यादी द्यावी लागत नाही.

इतिहास

‘फिल्मइंडिया’ मासिक १९३५ साली मुंबईतून निघू लागले. त्यात परीक्षणांचे स्वतंत्र सदर होते. प्रत्येक परीक्षणाला ठसठशीत, पुष्कळदा उपरोधिक मथळा असे आणि मजकुरालगत श्रेयनामावलीची चौकट असे. चित्रपटाची भाषा, कथालेखक, संगीतकार, छायालेखक व कलावंत यांच्याबरोबरच तो कोणत्या चित्रपटगृहात व कोणत्या तारखेला प्रदर्शित झाला, याचीही नोंद या चौकटीत केली जाई. मजकूर कितीही तिखट असला, तरी चौकटीतील नोंद कोरडी व तटस्थ राही. या नोंदींमुळे हे अंक पुढे चित्रपट-इतिहासाच्या अभ्यासकांना साधन म्हणून उपयोगी पडले. १९४३ साली लोकप्रिय ठरलेल्या ‘किस्मत’ या चित्रपटावर, त्यात गुन्हेगारीचे उदात्तीकरण केल्याची टीका पटेल यांनी केली होती. मासिकाच्या मुखपृष्ठांसाठी एस. एम. पंडित यांच्यासारख्या चित्रकारांनी काम केले.

इंग्लंडमध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या ‘मंथली फिल्म बुलेटिन’ने १९३४ पासून परीक्षणाची नोंदवजा पद्धत रुजवली. पुढील काळात तिच्यात सविस्तर श्रेयनामावली, कथासार आणि समीक्षा असे तीन भाग स्वतंत्रपणे छापले जात. १९९१ साली हे नियतकालिक ‘साइट अँड साउंड’मध्ये विलीन झाले. ताऱ्यांनी गुण देण्याची प्रथा अमेरिकेत सुरू झाली. ‘न्यूयॉर्क डेली न्यूज’ या दैनिकात आयरीन थिरर यांनी ३१ जुलै १९२८ रोजी अशा ताऱ्यांचा वापर केला.

मराठीत नाशिकचे ‘रसरंग’, गौतम राजाध्यक्ष यांनी संपादित केलेले ‘चंदेरी’ आणि प्रभात चित्र मंडळाचे ‘वास्तव रूपवाणी’ ही चित्रपटविषयक नियतकालिकांची भिन्न प्रकृतीची उदाहरणे होत. छायाचित्राला प्राधान्य देणारे रंजनप्रधान पान आणि दीर्घ मजकुराला प्राधान्य देणारे समीक्षाप्रधान पान, असे मांडणीचे दोन प्रवाह मानता येतात.

देवनागरी मजकुराचे विशेष प्रश्न

रोमन लिपीसाठी तयार झालेली मांडणी मराठी मजकुराला जशीच्या तशी लागू पडत नाही. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा व अनुस्वार आणि अक्षराखाली उकार येतात. त्यांना जागा द्यावी लागत असल्याने त्याच पॉइंटच्या रोमन अक्षरापेक्षा देवनागरी अक्षर लहान दिसते. म्हणून अक्षराचा आकार आणि ओळींमधील अंतर ही दोन्ही थोडी वाढवावी लागतात. अंतर कमी पडल्यास वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात.

मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात. ‘चित्रपटगृहांमध्येसुद्धा’ यासारखा शब्द अरुंद स्तंभात एकटाच जवळजवळ पूर्ण ओळ व्यापतो. अशा स्तंभात दोन्ही कडा समान ठेवल्यास शब्दांमध्ये मोठ्या फटी पडतात. त्यामुळे मराठी पानावर तीन अरुंद स्तंभांपेक्षा दोन रुंद स्तंभ अधिक वाचनीय ठरतात. तीन स्तंभ ठेवायचे असल्यास उजवी कड मोकळी सोडणे हा एक उपाय आहे.

देवनागरीत तिरप्या अक्षरांची परंपरा नसल्याने चित्रपटाचे नाव एकेरी अवतरणात देतात. प्रत्यय अवतरणचिन्हाला जोडण्यापेक्षा ‘श्यामची आई’ या चित्रपटात, अशी रचना मांडणीच्या व वाचनाच्या दृष्टीने सोयीची असते. या लिपीच्या मुद्रणाचा सविस्तर अभ्यास बापूराव नाईक यांच्या देवनागरी मुद्राक्षरविषयक ग्रंथात आढळतो.

मांडणीची प्रक्रिया

खिळेजुळणीच्या काळात जुळारी मजकूर जुळवून गॅली तयार करी. मुद्रितशोधनानंतर मजकूर पानात बसवला जाई. छायाचित्रासाठी जस्ताचा किंवा तांब्याचा ठोकळा करावा लागे. त्याचा आकार आधी ठरलेला असल्याने मजकूर वाढला, तर कात्री मजकुरालाच लागे. ऑफसेट मुद्रणात मजकुराच्या व चित्रांच्या पट्ट्या कागदावर चिकटवून पान तयार होऊ लागले. १९८५ साली पेजमेकर ही संगणकप्रणाली आल्यानंतर हे काम हळूहळू पडद्यावर होऊ लागले.

आजही प्रक्रियेचा क्रम साधारण तोच आहे. प्रथम पानाची डमी काढली जाते. समास व स्तंभ आखून मोठ्या छायाचित्राची जागा निश्चित केली जाते. नंतर चौकट, मथळा व मजकूर बसवला जातो. मापनासाठी पॉइंट व पायका ही एकके वापरतात. १२ पॉइंटांचा एक पायका आणि ६ पायकांचा सुमारे एक इंच होतो. शेवटी छापील प्रतीवर नावे, तारखा व चित्रओळी तपासल्या जातात.

परीक्षण, जाहिरात आणि विश्वासार्हता

चित्रपट नियतकालिकांना उत्पन्नाचा मोठा भाग चित्रपटांच्या जाहिरातींतून मिळत आला आहे. त्यामुळे परीक्षणाचे पान जाहिरातीपासून वेगळे दिसणे, हा केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. त्याच चित्रपटाची जाहिरात परीक्षणासमोरील पानावर आल्यास अनुकूल मताविषयीही वाचकाच्या मनात शंका उत्पन्न होते. निर्मात्याने पुरवलेले प्रसिद्धीचित्र मोठे छापल्यास प्रतिकूल परीक्षणाचे पानही प्रथमदर्शनी जाहिरातीसारखे भासते. म्हणून जाहिरातीला वेगळी चौकट व वेगळे अक्षरवळण देणे आणि तिच्यावर ‘जाहिरात’ असा स्पष्ट उल्लेख करणे आवश्यक मानले जाते.

हितसंबंधांचा प्रश्न जुना आहे. बाबूराव पटेल यांनी संपादकपदावर असतानाच ‘द्रौपदी’ (१९४४) व ‘ग्वालन’ (१९४६) हे चित्रपट दिग्दर्शित केले आणि त्यांत त्यांच्या पत्नी सुशीला राणी यांनी भूमिका केल्या. परीक्षक स्वतः व्यवसायात उतरला की त्याच्या निकालांकडे वाचक वेगळ्या नजरेने पाहतो. हा संबंध मांडणीने झाकता येत नाही. समीक्षकाचे नाव व त्याचा चित्रपटाशी असलेला संबंध पानावर नोंदवून तो उघड मात्र करता येतो.

ताऱ्यांच्या मानांकनाबाबतही मतभेद आहेत. घाईतील वाचकाला ते सोयीचे वाटते. मात्र ते मथळ्यालगत ठळकपणे दिल्यास मजकूर न वाचताच निष्कर्ष काढला जातो. काही नियतकालिके त्यामुळे तारे परीक्षणाच्या शेवटी देतात, तर काही ते मुळीच देत नाहीत.

हेही पाहा

* बाबूराव पटेल
* फिल्मइंडिया
* चित्रपट समीक्षा
* देवनागरी मुद्रण
* पालघर जिल्हा