शर्यतीच्या टाकीत कुणाचे पीक?

फ्रान्समधल्या ल माँ शहरात दरवर्षी साधारण जून महिन्यात चोवीस तासांची मोटारशर्यत भरते. शनिवारी दुपारी गाड्या सुटतात आणि रविवारी दुपारी थांबतात. एका गाडीला तीन चालक असतात, ते आळीपाळीने बसतात. २०२२पासून या गाड्यांच्या टाकीत जे इंधन पडते, ते वाइन उद्योगाच्या टाकाऊ मालापासून काढलेले असते. पिळून उरलेला द्राक्षाचा चोथा आणि पिंपाच्या तळाशी बसणारा गाळ, यांच्यापासून इथेनॉल आणि त्या इथेनॉलपासून इंधन. टोटल एनर्जीज ही तेल कंपनी ते बनवते.

ही माहिती आपल्या लोकांत सांगितली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग ते चालते का?" कोरोनाच्या काळात सॅनिटायझरवरून ही चर्चा पुरेशी झाली आहे. गाडी काही नशा करत नाही. शिवाय 'अल्कोहोल' हा शब्दच मुळात अरबी. अल-कुहल म्हणजे सुरमा. बारीक पूड या अर्थापासून अर्क या अर्थापर्यंत तो युरोपात गेल्यावर सरकला. मला त्यापेक्षा दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. हिरवे इंधन म्हणून जे पुढे येते, ते नेमके कुणाच्या शिल्लक मालातून येते आणि ते खपल्याने कुणाची सोय होते?

हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. मे १९०२मध्ये उत्तर फ्रान्समध्ये खास अल्कोहोलवर चालणाऱ्या मोटारींची शर्यत झाली. मॉरिस फार्मान ती जिंकला. शर्यतीला कृषी मंत्रालयाचे पाठबळ होते. उत्तर फ्रान्स हा साखरेच्या बीटचा मुलूख. बीटपासून अल्कोहोल भरपूर निघत होते आणि त्याला गिऱ्हाईक हवे होते. हवा, प्रदूषण, तापमान हे शब्द त्या चर्चेत कुठेच नव्हते.

पुढे पहिले महायुद्ध आले. डिसेंबर १९१७मध्ये फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांना अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांच्याकडे पेट्रोलसाठी अक्षरशः हात पसरावे लागले, कारण फ्रान्सच्या जमिनीत तेल जवळजवळ नव्हतेच. युद्ध संपल्यावर दारूगोळ्यासाठी वाढवलेले अल्कोहोलचे कारखाने मात्र रिकामे झाले. २८ फेब्रुवारी १९२३ रोजी फ्रान्सने कायदा केला. जो पेट्रोल आयात करेल, त्याने त्याच्या किमान १० टक्के इतके अल्कोहोल सरकारकडून विकत घ्यावे. मिश्रणाला नाव मिळाले 'राष्ट्रीय इंधन'.

आणि त्याच वर्षी, २६ मे १९२३ रोजी, ल माँची पहिली शर्यत सुरू झाली. आंद्रे लागाश आणि रने लेओनार यांनी शनार-वॉकर गाडीतून चोवीस तासांत २,२०९ किलोमीटर अंतर कापले. या दोन घटनांचा थेट संबंध होता असे मी म्हणत नाही. पण दोन्हींच्या मागे एकच चिंता दिसते: मोटार रोजच्या वापराला भरवशाची कशी व्हावी आणि तिला पाजायचे काय. ल माँची शर्यत निघाली तीच मुळी साध्या प्रवासी गाड्यांची परीक्षा म्हणून. दिवे रात्रभर टिकतात का, यंत्र तापून बसते का, हे त्यात पाहायचे होते.

म्हणून या शर्यतीत सुरुवातीपासून वेगाइतकाच हिशेब महत्त्वाचा राहिला. टाकीच्या झाकणाला शिसे लावून सील ठोकणारे अधिकारी तिथे असत. ठरलेल्या फेऱ्या पूर्ण झाल्याशिवाय ते सील तोडता येत नसे. आपण गाडी घेताना 'अ‍ॅव्हरेज किती देते' विचारतो, तोच हा प्रश्न.

१९७३ साली अरब देशांनी तेल रोखले, तेव्हा हा हिशेब एकदम राजकीय झाला. अमेरिकेत १९७४ची डेटोनाची चोवीस तासांची शर्यत रद्द करावी लागली. ल माँने १९७५ साली नियम केला की किमान २० फेऱ्या, म्हणजे पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, धावल्याशिवाय इंधन भरायचे नाही. त्या वर्षी जॅकी इक्स आणि डेरेक बेल मिराज गाडीतून जिंकले. इंजिनाचा जोर मुद्दाम कमी केला होता. गाडीवर नाव होते गल्फ या तेल कंपनीचे! तेल वाचवण्याच्या नियमाखाली तेल कंपनी जिंकली. याच तेलाच्या चढ्या भावाने रत्नागिरी-रायगडच्या कित्येक मुस्लिम घरांतली माणसे आखाताकडे नेली, गावाकडे पक्की घरे उभी केली. तेलबंदीची आठवण युरोपात पेट्रोलपंपावरच्या रांगांची आहे, कोकणात व्हिसाची.

१९८२मध्ये नियम आणखी कडक झाले. टाकी १०० लिटरची, हजार किलोमीटरला जास्तीत जास्त ६०० लिटर. पोर्शेची ९५६ गाडी पहिल्या तिन्ही जागांवर आली आणि पहिल्या गाडीत पुन्हा इक्स आणि बेल होते.

मग डिझेलचा अध्याय. त्यावर थोडे थांबायला हवे, कारण हिरव्या इंधनाच्या नावाखाली काय होऊ शकते ते इथे दिसते. २००६ साली आउडीची आर१० ल माँ जिंकणारी पहिली डिझेल गाडी ठरली. आवाज कमी, धूर दिसत नाही, टाकी जास्त वेळ पुरते. डिझेल इंजिनांना नियमांत झुकते माप दिले जाते, ही पेट्रोलवाल्या संघांची तक्रार होती आणि ती अगदीच बिनबुडाची नव्हती. २००६ ते २०१४ अशी सलग नऊ वर्षे डिझेल गाडीच जिंकली. आठ वेळा आउडी, २००९मध्ये प्यूजो. २०१२पासून आउडीच्या डिझेल इंजिनाला विजेच्या मोटारीची जोड होती. शोरूममधली डिझेल गाडी 'स्वच्छ' म्हणून विकताना या विजयांचा पुरेपूर वापर झाला.

सप्टेंबर २०१५मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जाहीर केले की आउडीची मालक कंपनी फोक्सवॅगन डिझेल गाड्यांत लबाड सॉफ्टवेअर बसवते. चाचणी सुरू आहे हे ओळखून ते धूर कमी करायचे आणि रस्त्यावर आल्यावर सोडून द्यायचे. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. भारतातही पुण्याच्या एआरएआय या संस्थेने रस्त्यावर मोजणी केली आणि प्रदूषण मर्यादेच्या कितीतरी पट निघाले. डिसेंबर २०१५मध्ये कंपनीला इथल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आउडीने २०१६अखेर ल माँला सलाम ठोकला.

यातली गंमत अशी की शर्यतीतले डिझेल खोटे नव्हते. तिथे तासातासाला मोजणी होत होती. विशेषतः २०१४च्या नियमांनी तर प्रत्येक गाडीला दर फेरीत किती ऊर्जा वापरता येईल हेच बांधून दिले. डिझेल असो वा पेट्रोल, सेन्सर बसवला, ऊर्जा मोजली, जास्त घेतली तर शिक्षा. माझ्या मते हिरव्या चर्चेतला हा या शर्यतीचा सर्वांत प्रामाणिक काळ होता. इंधनाचे नाव काय, हे त्यात दुय्यम होते. पण खर्च इतका वाढला की कंपन्या एकेक करून निघाल्या आणि २०२१चे हायपरकार नियम आले. त्यांत सगळ्या गाड्यांची कामगिरी नियमानेच सारखी करतात. कमी ऊर्जेत जास्त पळण्याचे ते बक्षीस राहिले नाही. हायड्रोजन गाड्यांचा वर्ग सुरू करायची तारीख तर वर्षानुवर्षे पुढेच जात आहे.

अशा वेळी वाइनच्या गाळाचे इंधन आले. कंपनीचा दावा आहे की शेतापासून धुरापर्यंतचा हिशेब धरला तर कार्बन किमान ६५ टक्के कमी होतो. नळीतून कार्बन निघतोच, पण तो द्राक्षवेलीने आधी हवेतून घेतलेला, असा हा हिशेब. तो चूक नाही. मात्र २०२३च्या शतकमहोत्सवी शर्यतीला सव्वातीन लाख प्रेक्षक आले, ते आपापल्या गाड्यांनी आणि विमानांनी. साठेक शर्यतगाड्यांच्या टाक्या त्यापुढे किती? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फ्रान्स सरकारने खप नसलेली वाइन नष्ट करून तिचे अल्कोहोल काढण्यासाठी २० कोटी युरो बाजूला ठेवले. शिल्लक वाइन भट्टीत घालण्याची सक्ती तर त्या देशात १९३०च्या दशकातच होती. बीटच्या जागी द्राक्ष आले. शेतकऱ्याचा माल शिल्लक आहे आणि सरकार-कंपनीला त्याला वाट हवी आहे, ही गोष्ट तीच राहिली.

महाराष्ट्राला हे सांगायला नको. आपल्याकडे बीटच्या जागी ऊस आणि मळी. स्वतंत्र भारताने १९४८मध्येच पॉवर अल्कोहोल कायदा केला होता, पर्यावरणाचा विषय निघण्याच्या कितीतरी आधी. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. साखर कारखान्यांना त्यातून रोख पैसा लवकर मिळतो, ही मोठी गोष्ट आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडे घटणारच. आणि मराठवाड्यात उसाला लागणारे पाणी कुठल्या रकान्यात लिहायचे? डिसेंबर २०२३मध्ये पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी भीती वाटली, तेव्हा केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल काढण्यावर एका आदेशात बंधन आणले. इथेनॉलचे नवे प्रकल्प टाकून बसलेले कारखाने अडकले. काही दिवसांत आदेश सैल करावा लागला. त्या आठवड्यात हिरव्या इंधनाबद्दल कुणी फारसे बोलले नाही. बोलणे होते ते साखरेच्या भावाचे.